तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

एका घरातून दोन अर्ज गेले आणि दोन्ही त्याच दिवशी परत आले. एक होता दोन महिन्यांच्या बाळाचा, दुसरा त्याच्या आईचा. आईचा अर्ज फोटोमागच्या राखाडी रंगावर अडला आणि बाळाचा अर्ज आईच्या नावावर. हे प्रकरण मी पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत जवळून पाहिलं. त्यातले निम्मे कागद माझ्याच जेवणाच्या टेबलावर लावले गेले. परदेशात राहून नवा चिपचा पासपोर्ट काढायला निघालेल्या मराठी घरांना याचा उपयोग होईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे, नावं मात्र कोणाचीच देत नाही.

मी दक्षिण जर्मनीत सोळा वर्षं राहते. वकील नाही, एजंटही नाही. आमच्या मराठी मंडळात कागदपत्रांचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, एवढंच. बाळाची आई नाशिकरोडची, तिचा नवरा पुण्याचा. दोघंही इंजिनिअर. तो २०२१च्या अखेरीस इथे आला, ती २०२२ साली. दोघांकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा इथे राहण्याचा परवाना. बाळ सप्टेंबर २०२५मध्ये झालं आणि बाळंतपणासाठी तिच्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या.

तिने मला पहिल्यांदा फोन केला तो ऑक्टोबरच्या शेवटी. प्रश्न साधा होता. "ताई, आता म्हणे चिपवाला पासपोर्ट मिळतो. त्याला बोटांचे ठसे लागतात का? बाळाचे कसे घेतात?"

मी तिला म्हटलं, ठशांचं नंतर पाहू. आधी तुमच्या दोघांच्या पासपोर्टांचं पहिलं आणि शेवटचं पान फोटो काढून पाठव.

शेवटचं पान मागायची सवय मला अनुभवाने लागली आहे. पहिल्या पानावर आपला फोटो असतो म्हणून सगळे तेच बघतात. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, आईचं नाव, जोडीदाराचं नाव, पत्ता आणि जुन्या पासपोर्टचा क्रमांक असतो. बहुतेक फायली त्या पानावर अडतात.

तिचा पासपोर्ट मार्च २०१६चा, लग्नाच्या पाच वर्षं आधीचा. त्यावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पदवी, व्हिसा, ब्लू कार्ड, बँक, पगाराची पावती, सगळं त्याच नावावर. नवऱ्याचा पासपोर्ट मे २०२१चा, लग्नानंतर तीनच महिन्यांनी नव्याने काढलेला. त्याच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या रकान्यात जे नाव होतं ते तिच्या पासपोर्टवर कुठेच नव्हतं. आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आणि पहिलं नावही वेगळं.

मी विचारलं, ही कोण?

"मीच," ती म्हणाली. "लग्नात बदललेलं नाव."

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात येते, मग ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. हल्ली पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत, पण सासूबाईंनी हौसेने नाव निवडलेलं, तिलाही ते आवडलेलं, म्हणून घरात तेच रूढ झालं. कागदावर तिने ते कधीच घेतलं नाही. ना गॅझेट, ना आधार. मात्र नवऱ्याने पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म भरताना बायकोच्या नावापुढे सहज ते लिहून टाकलं. डिसेंबर २०१६पासून पासपोर्टसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र देण्याची सक्ती उठली. ती सवलत चांगलीच आहे, पण त्यामुळे हे नाव कोणत्याही कागदाला न घासता थेट पुस्तकात छापलं गेलं.

बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कोणतं? जर्मन जन्मनोंदणी कार्यालय, ज्याला इथे श्टांडेसाम्ट म्हणतात, ते पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर उतरवून घेतं. त्यामुळे दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, अगदी स्पेलिंगसकट. म्हणजे बाळाच्या अर्जात जन्मदाखला सांगणार की आई अमुक आणि वडिलांचा पासपोर्ट सांगणार की माझी बायको तमुक.

मी तिला तेव्हाच म्हटलं होतं की हे आधी सोडवा. पण अर्ज देण्याची अपॉइंटमेंट चार दिवसांवर होती, ती तारीख हातची सोडवत नव्हती, आणि तिच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं की कोणी इतकं बघत नाही. तारीख का सोडवत नव्हती तेही सांगते, कारण त्या घराच्या डोक्यावर तेव्हा तीन मुदती होत्या.

पहिली मुदत बाळाच्या नागरिकत्वाची. जर्मनीत जन्मलं म्हणून बाळ जर्मन होत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचं कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचं हवं (जून २०२४पूर्वी ही अट आठ वर्षांची होती) आणि कायमचा राहण्याचा परवानाही हवा. या दोघांचं तेवढं झालेलं नव्हतं. त्यामुळे बाळ भारतीय. तेही आपोआप नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४प्रमाणे, ३ डिसेंबर २००४नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करावी लागते. त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.

दुसरी मुदत जर्मन कायद्याची. इथे जन्मलेल्या परदेशी बाळाच्या राहण्याच्या परवान्यासाठी जन्मापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. परवाना ज्यावर द्यायचा तो पासपोर्टच नसेल तर पुढे काही सरकत नाही. तिसरी मुदत तिची स्वतःची. पासपोर्ट मार्च २०२६ला संपत होता आणि जर्मन परवान्याचं कार्ड पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सहसा देत नाहीत, म्हणून तिचं ब्लू कार्डही त्याच तारखेला संपत होतं.

आणि फेब्रुवारीत नाशिकला तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं. ही मुदत कुठल्या कायद्यात नव्हती, पण घरात सगळ्यात जास्त बोललं जात होतं ते तिच्याबद्दलच.

आता चिपबद्दल, कारण भीती तिचीच होती.

भारताचा ई-पासपोर्ट कालपरवाचा नाही. २५ जून २००८ रोजी पहिला ई-पासपोर्ट तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना दिला गेला. मग राजनैतिक आणि सरकारी अधिकाऱ्यांसाठी सुमारे वीस हजार पुस्तिका निघाल्या. सामान्य माणसापर्यंत यायला त्यानंतर सोळा वर्षं लागली. १ एप्रिल २०२४ला प्रायोगिक सुरुवात झाली ती नागपूर आणि भुवनेश्वरमध्ये. २०२५मध्ये देशभर पसरत ऑक्टोबरअखेर नवी यंत्रणा परदेशातल्या भारतीय कार्यालयांतही आली. तिचा फोन नेमका त्याच आठवड्यातला.

ओळखायची खूण सोपी आहे. मुखपृष्ठावर 'पासपोर्ट' या शब्दाखाली एक छोटं सोनेरी चिन्ह असतं, आडव्या चौकटीच्या मधोमध वर्तुळ. पुस्तकात एक बारीक चिप आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चिपमध्ये नाव, जन्मतारीख, क्रमांक अशी छापील माहिती पुन्हा एकदा साठवलेली असते, शिवाय चेहऱ्याचा फोटो. चेहरा हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमात अनिवार्य आहे. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं ठेवायची की नाही, हे ज्या त्या देशावर सोडलेलं आहे. या सगळ्यावर सरकारची डिजिटल सही असते. आतलं एक अक्षर जरी कोणी बदललं तरी सही जुळत नाही आणि यंत्राला ते लगेच कळतं.

खिशातून जाताजाता कोणी माहिती चोरेल, ही भीती मला बरेच जण बोलून दाखवतात. चिप काही सेंटिमीटरवरूनच वाचता येते. शिवाय ती उघडायला किल्ली लागते आणि ती किल्ली फोटोच्या पानावर तळाला असलेल्या दोन ओळींमधून तयार होते, म्हणजे पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. आधी पुस्तक उघडून यंत्रासमोर ठेवावं लागतं, मगच चिप बोलते.

त्या दोन ओळी प्रत्येकाने एकदा नीट बघाव्यात. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात आणि नावाच्या वाट्याला ३९ येतात. फक्त इंग्रजी मोठी अक्षरं आणि कोनासारखी एक खूण. आडनाव आधी, मग दोन कोन, मग बाकीचं सगळं. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिथे 'पहिल्या नावा'तच जमा होतं. जर्मनीत याचा रोज अनुभव येतो. तिच्या नवऱ्याला डॉक्टरकडून येणाऱ्या पत्रांवर त्याच्या नावाला चिकटून त्याच्या वडिलांचंही नाव असतं, कारण इथल्या कार्यालयांना ती त्याचीच दोन नावं वाटतात. म्हणून बाळाच्या वेळी या दोघांनी विचार करून फक्त नाव आणि आडनाव ठेवलं. आजोबांना थोडं लागलं, पण निर्णय शहाणपणाचा होता.

स्पेलिंगचंही तसंच. तिच्या माहेरच्या आडनावात 'व' आहे. तिच्या वडिलांनी तो शाळेच्या दाखल्यात 'डब्ल्यू'ने लिहिला, भावाच्या दाखल्यात हेडमास्तरांनी 'व्ही'ने. सख्खी भावंडं, दोन आडनावं. या प्रकरणात त्याने काही बिघडलं नाही, पण उद्या भावाला बहिणीच्या आमंत्रणावर व्हिसा काढायचा झाला तर नातं सिद्ध करायला हा 'व' आडवा येईल. मी त्यांना तेही लिहून ठेवायला सांगितलं.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. जोडीदाराचं नाव त्या दोन ओळींमध्ये नसतंच. जे त्यांच्या वाट्याला आलं ते चिपमुळे आलं नाही. समोरच्या खिडकीत बसलेल्या माणसाने दोन कागद शेजारीशेजारी ठेवले आणि डोळ्यांनी वाचले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते अर्ज घेऊन गेले. बाळाला घेऊन, पहाटेच्या गाडीने. दुपारी तिचा मेसेज आला, "दोन्ही परत."

तिच्या फोटोचं कारण ऐकून मला माझाच राग आला, कारण ते मला माहीत असायला हवं होतं. इथल्या दुकानात 'बायोमेट्रिक पासपोर्ट फोटो' मागितला की ते जर्मन पद्धतीने काढतात आणि जर्मन फोटोची पार्श्वभूमी सर्रास फिकट राखाडी असते. तिथे ती चालते. भारतीय अर्जाला पांढरी लागते. दुकानात जाऊन नुसतं 'बायोमेट्रिक' म्हणून भागत नाही, 'मागे पांढरं हवं' हे वेगळं सांगावं लागतं. चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर सावली नको, आणि चष्मा काढून ठेवलेला बरा.

बाळाच्या फायलीवरचा आक्षेप अपेक्षित तोच. जन्मदाखल्यावरची आई आणि वडिलांच्या पासपोर्टवरची पत्नी या एकच व्यक्ती आहेत हे कशावरून? माझ्या मते प्रश्न रास्त होता. एका अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट आहे. आई म्हणून सही करणारी बाई खरोखर आई आहे ना आणि वडील ज्या बाईला पत्नी म्हणतात ती हीच ना, हे कोणीतरी विचारायलाच हवं.

त्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला आले. वरणभात झाल्यावर टेबल पुसलं आणि कागद मांडले.

पहिला मार्ग असा की तिने आता पासपोर्टवर सासरचं नाव घ्यायचं. मग नवऱ्याचा पासपोर्ट बरोबर ठरतो. पण मग तिचं ब्लू कार्ड, कर क्रमांक, पेन्शनचं खातं, बँक, नोकरीचा करार आणि मुख्य म्हणजे बाळाचा जर्मन जन्मदाखला हे सगळं चुकीचं ठरतं. पहिलं नावही बदलणार, म्हणजे भारतात गॅझेटची प्रक्रिया आलीच. एका रकान्यासाठी दहा कागद बदलायचे.

दुसरा मार्ग असा की तिचं नाव जसंच्या तसं राहू द्यायचं आणि नवऱ्याने आपल्या पासपोर्टातला जोडीदाराचा रकाना दुरुस्त करून घ्यायचा. शेवटच्या पानावरची दुरुस्तीही हाताने होत नाही, नवी पुस्तिकाच काढावी लागते. म्हणजे तिसरा अर्ज आणि तिसरं शुल्क.

माझं मत दुसऱ्याच्या बाजूने होतं आणि मी ते सांगितलं. पण बोलत असताना माझं लक्ष सासूबाईंकडे होतं. नाव त्यांनी निवडलेलं. त्या पाच वर्षं सुनेला त्याच नावाने हाक मारत आल्या होत्या आणि त्या क्षणीही बाळाला मांडीवर घेऊन त्याच नावाने तिला दुपटं मागत होत्या. ती दुरुस्ती म्हणजे आपण दिलेलं नाव खोडणं, असं त्यांना वाटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "फॉर्म तू भरलास ना? तिला न विचारता? मग तूच दुरुस्त कर." विषय तिथे संपला. हाक त्या अजूनही त्याच नावाने मारतात.

मग कागद ठरले. पुण्यातल्या विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, ज्यावर तिचं लग्नाआधीचं नाव आहे आणि म्हणून ती त्याची कायदेशीर पत्नी असल्याचं सिद्ध होतं. दोघांनी सही केलेलं प्रतिज्ञापत्र, की रकान्यातलं नाव हे फक्त घरगुती आहे, ते कोणत्याही सरकारी कागदावर घेतलेलं नाही आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. आणि नवऱ्याचा दुरुस्तीचा अर्ज बाळाच्या अर्जाबरोबर, त्याच दिवशी, म्हणजे चूक नुसती कबूल केलेली नाही तर सुधारायलाही घेतली आहे हे दिसावं. जर्मन जन्मदाखल्याची बहुभाषिक प्रत आधीच काढलेली होती, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचला. बाळाचं नाव श्टांडेसाम्टला सांगायच्या दिवशीच ही प्रत मागून घ्यावी, नंतर पुन्हा खेटा पडतो.

भारतातला पत्ता कोणता द्यायचा, यावर थोडा वाद झाला. तिला पुण्याचा द्यायचा होता. पण सासूबाई परतल्यावर काही महिने मुलीकडे नागपूरला राहणार होत्या आणि पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लागणार होतं. परदेशातून केलेल्या अर्जाचीही भारतातल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते. दाराला कुलूप दिसलं की तो शेरा फायलीवर जातो आणि मग इथे बसून काही करता येत नाही. जिथे कोणीतरी कायम घरी असतं तो पत्ता द्या, म्हटलं. नाशिकरोडचा दिला.

बाळाचा फोटो आम्ही घरीच काढला. जमिनीवर पांढरी चादर, सुरकुती राहू नये म्हणून खाली पुठ्ठा, खिडकीचा उजेड समोरून. मान धरत नव्हती, त्यामुळे उभं धरायचा प्रश्नच नव्हता, आणि चौकटीत दुसऱ्याचा हात दिसून चालत नाही. तो चादरीवर उताणा, आई त्याच्या डोक्याशी बसलेली, बाबा खुर्चीवर उभा राहून वरून फोटो काढतोय. डोळे उघडे तर तोंड उघडं, तोंड मिटलं तर मूठ गालावर. चाळीसच्या वर फोटो झाले. जो निवडला त्यात तो वर काहीतरी सापडल्यासारखा अगदी गंभीर बघतोय.

आणि अंगठा. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा घेतात, मुलगा असेल तर डावा आणि मुलगी असेल तर उजवा. तिने सुरुवातीला विचारलेल्या ठशांच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच निघालं, कागदावरच्या एका छोट्या चौकटीत शाईचा एक ठसा. पण तीन महिन्यांचं बाळ मूठ सोडत नाही. जोर लावून उघडली तर ते अधिकच आवळतं. शेवटी ते दूध पिऊन झोपल्यावर तिने त्याचा हात तळव्याकडून हलकेच चोळला, बोटं आपोआप सैल झाली आणि तेवढ्यात बाबाने अंगठ्याला शाई लावून तो चौकटीत टेकवला. पहिला ठसा नुसता डाग. दुसऱ्याला रेषा उमटल्या, मसुराच्या डाळीएवढ्या जागेत. फॉर्मच्या चार कोऱ्या प्रती आधीच छापून ठेवल्या होत्या ते बरं झालं. ओल्या फडक्याने शाई पुसताना तो जागा झाला आणि अंगठा तोंडात घालायच्या आत धरता धरता दोघांची त्रेधा उडाली. तुम्हाला हे करायचं असेल तर फडकं आधीच भिजवून जवळ ठेवा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन अर्ज गेले. या वेळी काही परत आलं नाही.

नाताळच्या सुट्टीमुळे इथे सगळं मंदावतं. जानेवारीच्या सुरुवातीला नाशिकरोडच्या घरी पोलीस आला. आईने कागद आधीच फाइलला लावून ठेवले होते. त्याने मुलगी कुठे असते, कधीपासून, लग्न कोणाशी, एवढं विचारलं आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. आईने एकच चूक टाळली, जी टाळायला मी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. मुलीचं नाव विचारल्यावर तिने माहेरचं, पासपोर्टावरचं पूर्ण नाव सांगितलं. जावयाच्या घरी काय हाक मारतात ते सांगत बसली नाही.

जानेवारीच्या शेवटी पुस्तिका हातात आल्या. तिची दहा वर्षांची, बाळाची पाच वर्षांची, आणि थोड्या दिवसांनी नवऱ्याचीही. त्याच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या रकान्यात तिचं पासपोर्टावरचं नाव, 'डब्ल्यू'सकट.

पण लग्न चुकलं. पासपोर्ट आला म्हणून जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतंच असं नाही. बाळाला राहण्याच्या परवान्याचं कार्ड हवं, तिला नव्या पासपोर्टवर नवं कार्ड हवं, आणि अशी कार्डं बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून छापून यायला कित्येक आठवडे जातात. नोव्हेंबरमध्येच अर्ज स्वीकारला गेला असता तर वेळेत झालं असतं, असं मला वाटतं. तिने भावाचं लग्न फोनवर पाहिलं. पहाटे उठून, बाळाला मांडीवर घेऊन, पैठणी नेसून बसली होती. सप्तपदीच्या वेळी नेट गेलं.

त्या दिवसांत मंडळातल्या अनेकांनी मला विचारलं की आमचा पासपोर्ट जुन्या पद्धतीचा आहे, आम्ही घाईने चिपचा काढून घेऊ का? नको. साधा पासपोर्ट त्यावर छापलेल्या तारखेपर्यंत पूर्ण वैध आहे. मुदत संपायला वर्ष उरलं की अर्ज करता येतो, आणि परदेशात राहणाऱ्याने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा, कारण मागे परवान्याचं कार्ड लागलेलं असतं. अर्जाच्या आधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि विवाह प्रमाणपत्र एकत्र मांडा. प्रत्येक नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आपण घरात जे म्हणतो ते नाही, कागद काय म्हणतो ते वाचा.

आणखी एक गोंधळ या प्रकरणातच समोर आला. सासूबाई नोव्हेंबरच्या मध्याला परत गेल्या. विमानतळावर त्यांचे ठसे आणि फोटो मागितले, तेव्हा त्या घाबरल्या. व्हिसाच्या वेळी मुंबईत ठसे दिले होते, मग पुन्हा का, आणि माझ्या पासपोर्टात तर चिप नाही? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी, दिलेले ठसे त्यांच्या व्हिसाच्या नोंदीत असतात आणि ५९ महिने पुन्हा वापरता येतात. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर येण्याजाण्याची नवी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ती थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांची असते आणि इथल्या परवानाधारकांना लागू नाही. आणि पासपोर्टची चिप ही भारत सरकारची, आपल्या पुस्तकातली. आईवडील येणार असतील तर त्यांना हे निघायच्या आधी समजावून सांगा, खिडकीपाशी एकट्या उभ्या असलेल्या माणसाला फार धास्ती वाटते.

मे महिन्यात ती बाळाला घेऊन नाशिकरोडला गेली. तिचे वडील प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथे देशाच्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका तयार होतात. त्यांनी नोकरीभर घरात कामाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मुलीने पहिला पासपोर्ट काढला तेव्हाही नुसतं "जपून ठेव" म्हणाले होते.

या वेळी तिने नातवाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फोटोचं पान उघडलंच नाही. मुखपृष्ठावरच्या सोनेरी खुणेवरून अंगठा फिरवला, मग पुस्तक मधोमध उघडून चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवणीचा दोरा डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. पुन्हा मिटलं, कडा बोटांनी सारख्या केल्या. "याला स्टेपलर लावू द्यायचा नाही कुणाला," ते तिला म्हणाले, "आणि वाकवायचं नाही." मग उठून कपाटातून एक जुनं जाड पाकीट काढलं आणि पुस्तक त्यात घालून तिला परत दिलं.